घराचे ओझे व घराची किल्ली

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय शास्त्राच्या तासाला वाचावयास घेतला, की वर्गातील एखादा चलाख विद्यार्थी हात वर करितोच. आरंभी प्रेषित सांगतो की, तुम्ही परस्परांच्या ओझ्यांस खांदा द्यावा. आणि मध्ये दोनच वचने गेल्यावर तोच प्रेषित बजावतो की, ज्याचा त्याने आपापला भार न्यावयाचा आहे. "सर, यांतले धरायचे कोणते?" असा प्रश्न येतो, व तो योग्यच आहे. मूळ ग्रीकात येथे दोन निराळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसास दडपून टाकणारे वजन, आणि दुसरा 'फोर्तिऑन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेले गाठोडे. टीकाकारांचे हे उत्तर बरोबर आहे. परंतु सोलापूरच्या मुलांस त्यासाठी ग्रीसपर्यंत जावयास नको. त्यांनी कांद्याच्या दिवसांत बाजार समितीच्या आवारात घटकाभर उभे राहावे. भरलेले पोते एकच हमाल पाठीवरून नेतो. चालत्या पावली त्यात दुसऱ्यास वाटेकरी होता येत नाही. परंतु ते पोते जमिनीवरून त्याच्या पाठीवर चढते ते दोघांनी दोन बाजूंनी हात लाविल्यामुळे, आणि उतरते वेळीही कोणास तरी पुढे व्हावे लागते. एकट्याने उचलू पाहणारा हमाल कंबर धरून बसतो. पौलाची दोन्ही वचने त्या एका पोत्यात सामावलेली आहेत.

घरसंसाराचे पोते कोण चढवितो, कोण नेतो, आणि ऋतु पालटला म्हणजे ते कोणाच्या पाठीवरून कोणाच्या पाठीवर जाते, याविषयी आमच्या विद्यार्थ्यांच्या मातापितरांशी चार शब्द बोलावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते. वार्षिक अंक घरोघर जातो व नाताळच्या सुट्टीत तो सवडीने वाचला जातो, म्हणून ही संधि घेतली आहे.

आमच्या जुन्या मराठीत 'कुटुंब' या शब्दाचा एक विलक्षण उपयोग होता. "आमचे कुटुंब माहेरी गेले आहे," असे एखादे गृहस्थ सांगत, तेव्हा घरात त्यांची मुले, आई, धाकटे भाऊ अशी सर्व मंडळी हजर असत. गेलेली असे ती एकटी पत्नी. हा प्रयोग स्त्रीच्या गौरवाचा आहे, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हांस त्यात गौरवापेक्षा हिशेब अधिक दिसतो. एकीच्या डोक्यावर सर्व घर चढविले, की मग तिलाच घर म्हणण्यावाचून भाषेस दुसरा मार्ग राहत नाही!

सोलापुरातील कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास पणजोबांच्या पलीकडे जात नाही, व त्याचे एक कारण १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांचे दोन दुष्काळ हे होय. त्या दिवसांत आईबाप गमावलेली मुलेमुली अमेरिकन मराठी मिशनने येथील आश्रमांत ठेवून घेतली, वाढविली, शिकविली. ती वयात आल्यावर त्यांची आपसांत लग्ने झाली. आमच्या पणजोबांचे व पणजीचे लग्न असेच झाले. या जोडप्यांस ना सासू होती, ना जाऊ, ना नणंद; 'आमच्या घरची रीत' म्हणून सांगावयास कोणी नव्हते, कारण घरच नव्हते. हे केवढे दारिद्र्य होते, हे ज्यास माहेर आहे त्यास सहसा कळावयाचे नाही. परंतु त्या दारिद्र्यातून एक मोकळीकही आली. आश्रमात दळण, पाणी, झाडलोट यांच्या पाळ्या मुलग्यांसही असत. त्यामुळे आमचे पणजोबा संसारास लागले ते भाकरी थापावयास शिकूनच लागले. आमची आजी, म्हणजे त्यांची सून, ही हकीकत सांगताना पदर तोंडाला लावून हसत असे. "मामंजींची भाकरी माझ्यापेक्षा गोल व्हायची," असे ती म्हणे. मात्र त्यांच्या मुलास, आमच्या आजोबांस, ती विद्या आली नाही. त्यांस आई होती. शिकण्याचे कारण पडले नाही. घर स्थिरावले तशी रीत स्थिरावली, आणि रीत स्थिरावताच पुरुष चुलीपासून उठून ओसरीवर जाऊन बसले. तेव्हा ख्रिस्ती घर म्हणजे आपोआप समतेचे घर, अशी जी समजूत आमच्यातील काही वक्ते प्रार्थनामंदिरातून बोलून दाखवितात, तिला आमच्या घराण्याचा तरी पाठिंबा नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांत ज्या एका घराची आतील बाजू सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे, ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे होय. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून मराठी वाचकाने ती हातची सोडलेली नाहीत. पुष्कळ लोक ती विनोदासाठी वाचतात. विनोद त्यात आहेच. आम्ही ती दरवर्षी वरच्या वर्गातील मुलांच्या हाती देतो ती दुसऱ्या हेतूने. एका घराचा भार चाळीस वर्षांत किती वेळा खांदे पालटतो, याची अशी नोंद आमच्या पाहण्यात अन्यत्र नाही.

१८८० साली लग्न झाले, तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पति विद्वान, कवि, शीघ्रकोपी व तितकाच दयाळू. हाती आलेला पैसा त्या हाताला टिकत नसे. समोर दुःखी मनुष्य दिसला, की टिळकांचा हात खिशात जाई. ते औदार्य जगाने पाहिले व वाखाणले, आणि ते वाखाणण्याजोगेच होते; त्यानंतर सायंकाळी चूल कशाने पेटवावयाची, ही चिंता मात्र लक्ष्मीबाईंची असे. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीस आधी न कळविता. त्यानंतरच्या ताटातुटीतील पुष्कळसा काळ लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूस घेऊन आपल्या बहिणीच्या घरी, आमच्याच जिल्ह्यातील पंढरपुरास काढला. आमचे विद्यार्थी आषाढीस त्या वाटेने लाखो वारकरी जाताना पाहतात. त्याच गावी एक बाई पतीच्या पत्राची वाट पाहत होती, आणि त्याच्या नावाने लोकांचे बोल ऐकत मुलास एकटीने वाढवीत होती, हे त्यांच्या ध्यानी असावे.

पुढे त्या पतीकडे परत आल्या, त्या आपला धर्म व आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या. ते सोडून द्यावे, असा हट्ट टिळकांनी धरला नाही, आणि आमच्या मते त्यांच्या साऱ्या गृहस्थाश्रमात यापरते मोठे कृत्य नाही. त्यांनी वाट पाहिली. विचार लक्ष्मीबाईंनी केला, निर्णय लक्ष्मीबाईंनी केला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात १८९५ साली एकाने दोघांच्या आयुष्याचा निकाल एकट्याने केला होता, त्याच घरात पाच वर्षांनी दुसऱ्या माणसास स्वतःचा निकाल स्वतः करावयास जागा मिळाली. पुढील वर्षांत त्या घरी अनाथ मुले वाढली. कवि बालकवि ठोंबरे काही काळ तेथेच राहिले व लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. येणाऱ्यास घरात घेणे टिळकांचे. घेतलेल्याच्या पानात वाढणे बाईंचे. परंतु पूर्वीचा व आताचा फरक असा, की आता बाई नुसत्या वाढीत नव्हत्या. घर कसे चालेल ते त्या सांगत, आणि टिळक ते ऐकत. निदान पुष्कळ वेळा ऐकत!

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. मागे राहिले ते 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य, आरंभीचे दहा-अकरा अध्याय झालेले, पुढचे कोरे. ज्या बाईस शाळा म्हणून कधी मिळाली नव्हती, तिने ते काव्य हाती घेतले व साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली, पुत्र देवदत्तांच्या हातून. आमचे काही साहित्यिक मित्र दोघांच्या ओव्यांची तुलना करीत बसतात. त्यांनी ती खुशाल करावी.

आता थोडे आमच्या स्वतःच्या घराविषयी. आमचे वडील येथील एका गिरणीत साच्यावर होते. तीन पाळ्यांच्या त्या दिवसांत घराचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर डबा भरे, भोंग्यावर आम्ही शाळेस निघत असू. आम्ही आठवीत असता ती गिरणी बंद पडली. एके दिवशी बाबा पाळीस गेले आणि तासाभरात परत आले, डबा तसाच भरलेला. सोलापुरातील हजारो घरांत त्या दशकात हे झाले, म्हणून त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. आमची आई मिशनच्या बालोद्यानात मदतनीस होती. तिचा पगार तोवर 'वरखर्चाचा' समजला जाई. त्या महिन्यापासून तो घरखर्चाचा झाला.

पहिल्या पगाराच्या संध्याकाळी तिने पाकीट आणले, ते न फोडता बाबांच्या पुढे ठेविले आणि म्हणाली, "हे पेटीत ठेवा, आणि दूधवाल्याचं किती होतं ते तेवढं बघा." आम्ही मुले अभ्यासाची पुस्तके उघडून बसलो होतो, आमचे लक्ष पुस्तकात नव्हते, हे सांगावयास नकोच. बाबा बराच वेळ त्या पाकिटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आमच्याकडून एक कोरी वही मागून घेतली व तीत पहिला आकडा लिहिला. ती वही पुढे अकरा वर्षे चालली. दुधापासून आमच्या महाविद्यालयाच्या फीपर्यंत सर्व आकडे त्यात त्यांच्या हातचे आहेत. मिळविणे आईकडे गेले. राखणे बाबांकडे राहिले. आणि जपून राखणे हे मिळविण्याहून हलके काम नाही, हे आम्ही त्या वहीवरून शिकलो.

भाकरीची गोष्ट याहून कठीण. आई सकाळी सातला घराबाहेर पडे. बाबांनी परात घेतली, तेव्हा पहिल्या आठवड्यात एकही भाकरी तव्यापर्यंत अखंड गेली नाही; कडा चिरत, मधेच तुटे. शेजारच्या आजींनी दारातून पाहून सांगितले, की पिठास विरी नसेल तर ऊन पाण्यात मळावे व हाताला पाणी लावून कडा सारख्या कराव्यात. गल्लीतील पुरुषांनी थट्टा केली. बाबांचे उत्तर आम्हांस अजून आठवते: "साच्यावर हजार धागे सांभाळले, एक भाकरी सांभाळता येत नाही होय?" पुढे थट्टा करणाऱ्यांपैकीच दोघांनी त्यांच्यापाशी बसून पीठ मळून पाहिले. गिरण्या अनेक बंद पडल्या होत्या. घरी बसलेले पुरुषही अनेक होते. त्यांतील काही दारूकडे वळले, हेही आम्ही त्याच गल्लीत पाहिले. बाबा त्यांच्याहून अधिक धर्मनिष्ठ होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यापुढे पाकीट ठेविले गेले होते, एवढाच भेद होता. घरात ज्याच्यावाचून अडते त्यास बाहेर जाऊन स्वतःस विसरण्याची फारशी सवड मिळत नाही.

येथे आम्ही शाळेच्या हजेरीपटाकडे वळतो, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तोच आहे. घरातील ओझे एकाने टाकले म्हणजे ते नाहीसे होत नाही. जो जवळ उभा असेल व ज्याच्या तोंडी 'नाही' हा शब्द नसेल त्याच्या अंगावर ते जाते. तो कोण, हे हजेरीपट सांगतो. थोरली मुलगी. मुलगे गैरहजर राहतात तेव्हा चिठ्ठीत ताप असतो, पोटदुखी असते, क्वचित मामाचे लग्न असते. थोरल्या मुलींच्या चिठ्ठीत बहुधा दोनच शब्द असतात: 'घरी काम'.

या शहरात हजारो घरी आया विड्या वळतात. कारखान्यातून पान व तंबाखू आणावयाचा, पान भिजवावयाचे, फर्म्यावर कापावयाचे, वळावयाचे, मोजून नेऊन द्यावयाचे, मजुरी हजारावर. आईचे बोट दुखू लागले, की पान कापण्याची कात्री मुलीच्या हाती जाते. त्यासाठी कोणी सभा भरवून ठराव करीत नाही. तीच गोष्ट पाण्याची. शंभर किलोमीटरांहून लांबच्या उजनी धरणातून या शहरास पाणी येते. ते धरण १९८० साली पुरे झाले; परंतु आमच्या पेठांतील नळास कित्येक वर्षे चार-चार दिवसांनी पाणी येत आले आहे, व तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी कोण जागते? हजेरीपटावरून आम्हांस कोणत्या पेठेस कोणत्या दिवशी पाणी आले ते सांगता येत असे. महानगरपालिकेच्या सूचनाफलकाहून तो पट अधिक भरवशाचा होता, हे थट्टेने म्हणत नाही.

नववीतील एक मुलगी, गणितात वर्गात पहिली, अशीच दिवस गाळू लागली. तिच्या वडिलांस आम्ही बोलाविले. सज्जन गृहस्थ; रिक्षा चालवितात, दर रविवारी उपासनेस असतात. ते खऱ्या आश्चर्याने म्हणाले, "सर, तिला कुणी काम सांगितलं नाही. ती आपणहून करते." आम्ही विचारले, "आणि तिचा भाऊ?" ते म्हणाले, "त्यालाही कुणी सांगितलं नाही." म्हणजे न सांगता एकीने सर्व केले, आणि न सांगता एकाने काहीच केले नाही! वडील उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आमच्या घरात कुणी बोललंच नाही."

तिचा भाऊ एक वर्षाने धाकटा, कबड्डीच्या संघातला, अंगाने दांडगा. घरी बोलणे झाले व पाण्याचे काम त्याच्याकडे गेले. दोन आठवडे त्याने तक्रार केली. मित्र खिडकीतून हाका मारून चिडवीत. मग त्याने एक अट घातली, आणि ती अट ऐकून आम्हांस फार संतोष झाला. "पाणी मी भरीन, पण आधी कुठलं भांडं भरायचं आणि कुठलं पाणी कशाला वापरायचं ते मी ठरवणार." आईस हे पटले नाही, वडिलांनी पटविले. मुलाने कोठून तरी एक नळी आणली, पिप उंच चौथऱ्यावर चढविले, धुण्याचे पाणी न्हाणीघराच्या दारी निराळे ठेविले. चौथ्या दिवशी त्या घरात पाणी शिल्लक राहू लागले. त्याच्या आईने हे आम्हांस पालकसभेत सांगितले, अर्धे कौतुकाने व अर्धे रागाने, कारण आता पिपास हात लाविण्यापूर्वी तिला मुलास विचारावे लागे. मुलगी त्या वर्षी एकही चाचणी चुकली नाही.

काम वाटून देणे सोपे आहे. आमच्या पाहण्यातील पुष्कळ गृहस्थ ते करितात. झाडू दिला, पिशवी दिली, मूल कडेवर दिले. परंतु कामाबरोबर त्या कामापुरता अधिकार द्यावयाचा, चुकण्याची मुभा द्यावयाची, हे जड जाते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायास बसतो, व त्याचा सासरा इथ्रो ते पाहून म्हणतो की अशाने तू झिजून जाशील व हे लोकही झिजतील. तो त्यास हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमावयास सांगतो; आणि लहान तंट्यांचा निकाल त्यांचा त्यांनीच करावा, असेही सांगतो. त्या माणसांनी नुसती गर्दी आवरावी, एवढे सांगून इथ्रो थांबत नाही. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आमच्यात लग्नाच्या व मातृदिनाच्या प्रसंगी हमखास वाचतात, आणि त्यातील स्त्री पहाटे उठते एवढेच पुष्कळांस आठवते. ती शेत पाहून ते विकत घेते, हेही त्याच अध्यायात आहे. शेत घेण्याचा विचार ज्या घरात गृहिणीवाचून होतो, त्या घराने तो अध्याय अर्धाच वाचला आहे, असे आम्ही भीड न ठेविता म्हणतो.

कायदा या बाबतीत आमच्या पुढे गेला आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्रावाचून वारला व मागे विधवा आणि मुले राहिली, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेस एक तृतीयांश मिळून उरलेले मुलगे व मुली यांत सारखे वाटले जाते. शंभर वर्षे हा नियम आहे. बाप वारल्यावर जी मुलगी सारखी वाटेकरीण होते, तिला तो जिवंत असता घराच्या विचारविनिमयात पाटावर जागा मिळू नये, हे कोणत्या शास्त्रात बसते, ते आम्हांस सापडलेले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या आईस अर्धांगवायु झाला व तिचा उजवा हात गेला. आमच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत. महिन्यातील काही रात्री त्यांची पाळी असते. तेव्हा रात्री आईस कुशीवर वळविणे, पहाटे औषध देणे ही कामे आम्ही व बाबा करू लागलो, आणि भाकरीस पुन्हा बाबाच बसले. वीस वर्षांपूर्वी शिकलेली विद्या सत्तरीत कामास आली. दोन्ही मुलांकडे आजीस रोज एक अध्याय वाचून दाखविण्याचे काम आले. धाकटा मोठी नावे गाळून वाचतो आणि आजी त्यास प्रत्येक वेळी पकडते. वंशावळी तिला पाठ आहेत.

हे सर्व महिनाभरात बसले. एक गोष्ट मात्र बसेना. लोखंडी पेटीची किल्ली आईच्या कनवटीला होती, व ती तेथेच राहिली. धान्य काढावयाचे, कोणास उसने द्यावयाचे, लग्नात आहेर किती करावयाचा, सर्व तिला विचारून. तिला बोलण्यास कष्ट होत, आणि विचारणाऱ्यास ते पाहण्याचे. आम्ही कोणीच तो विषय काढला नाही. ज्याचा हात गेला आहे त्याच्या कनवटीची किल्ली मागावयाची कशी? एका रविवारी उपासनेहून आल्यावर तिने आमच्या पत्नीस जवळ बोलाविले, डाव्या हाताने बऱ्याच खटपटीने गाठ सोडली आणि म्हणाली, "घे. आता मला विचारायला यायचं नाही. चुकलं तरी तूच ठरव."

पत्नीने किल्ली घेतली. दुसऱ्याच दिवशी त्या कैऱ्यांची टोपली घेऊन आईच्या खाटेशी बसल्या व विचारू लागल्या, "आई, एवढ्या कैऱ्यांना मीठ किती धरू?" आईने डोळे मोठे केले. पत्नी म्हणाल्या, "हे परवानगीसाठी नाही विचारत. मला येत नाही म्हणून विचारते." आई हसली, दुखण्यानंतर ती इतकी मोकळी हसलेली आम्ही तोवर पाहिली नव्हती. मग मीठ, मोहरी, हिंग यांचे प्रमाण तिने अडखळत सांगितले, आणि थोरल्या मुलीने ते एका वहीत उतरून घेतले. ती वही आता पुष्कळ भरली आहे.

यंदाच्या नाताळच्या कामांची वाटणी आमच्या घरी झाली, तीत करंज्यांच्या पुऱ्या बाबा लाटणार, कातण आई डाव्या हाताने फिरविणार, तारा बांधण्यास शिडीवर थोरली मुलगी चढणार व शिडी धाकट्याने धरावयाची असे ठरले. आम्हांस खोबरे किसावयाचे काम आले आहे. सारणात खसखस घालावी की नाही, यावर मतभेद आहे. परंतु तो निकाल आमच्या पत्नींचा आहे, व त्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी असल्याने खोबरे तूर्त किसून ठेवावे एवढाच हुकूम झाला आहे.